‘पीके’ पाहून मुलं नास्तिक होतात का?

रविवारी दुपारी टीव्हीवर ‘पीके’ लागला होता. घरात अब्बा, आम्ही आणि आठवीतला पुतण्या. पूजेचं ताट आणि नारळ घेऊन पीके चर्चमध्ये शिरतो, तेव्हा अब्बा पोट धरून हसले. थोड्या वेळाने तोच पीके दारूच्या बाटल्या घेऊन मशिदीकडे निघाला. अब्बांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. पुतण्याने विचारलं, “दादा, चर्चमध्ये गेला तेव्हा तर तुम्ही हसत होता ना?” उत्तर मिळालं, “चल, वुजू कर, असरची वेळ झाली.”

असे पिक्चर मुलांना नास्तिक करतात, ही तक्रार आम्ही पालकसभेतही ऐकतो. म्हणून एकदा नीट पाहू या की हे चित्रपट नेमकं काय म्हणतात.

‘ओ माय गॉड’ 2012 चा. कांजीलाल मेहता मूर्ती विकतो, पण देव मानत नाही. भूकंपात त्याचं दुकान कोसळतं. विमा कंपनी म्हणते, ही तर देवाची करणी, पैसे मिळणार नाहीत. मग हा माणूस थेट देवावरच दावा लावतो. त्याला मदत करणारा वकील हनीफ कुरेशी, म्हणजे ओम पुरी. पुढे नोटिसा फक्त महाराजांना जात नाहीत, मौलवी आणि पाद्रीही कोर्टात येतात. इतकं सगळं होऊन शेवटी काय? स्वतः कृष्णच कांजीला मदत करत असतो आणि कांजी देव मानायला लागतो. म्हणजे ज्याला आपण नास्तिकांचा पिक्चर म्हणतो, त्यातला एकुलता एक नास्तिक शेवटी आस्तिक होऊन घरी जातो! (तिकीट काढून सगळं कुटुंब येतं, निर्मात्यालाही हिशेब असतोच.)

मराठीतला ‘देऊळ’ त्याच्या एक वर्ष आधीचा, उमेश कुलकर्णींचा. तो आम्हाला जास्त प्रामाणिक वाटतो. गाय शोधायला गेलेल्या केशाला झाडाखाली दत्त दिसतात. केशाची श्रद्धा खरी आहे, चित्रपट तिची थट्टा करत नाही. पण अण्णांना गावात दवाखाना हवा असतो आणि उभं राहतं देऊळ. पाठोपाठ दुकानं, गर्दी, पैसा, पुढारी. शेवटी ज्याला देव दिसला तोच मूर्ती उचलून नेतो, कारण या बाजारात त्याला त्याचा देव सापडेनासा होतो.

‘पीके’चंही तेच. तो परग्रहावरचा आहे, त्याचं रिमोट हरवलंय आणि जो भेटतो तो म्हणतो, आता देवच जाणे. म्हणून तो देव शोधत फिरतो. त्याचा निष्कर्ष देव नाही असा नाहीच. आपल्याला घडवणारा एक, आणि माणसांनी घडवलेला दुसरा; दुसऱ्याकडे लावलेला फोन म्हणजे राँग नंबर, एवढंच तो म्हणतो.

हे ऐकून आपल्यातले बरेच जण खूश झाले होते. “ही तर आपली तौहीद!” आम्हीही तेव्हा स्टाफरूममध्ये असंच म्हटलं होतं. पण मुंबईच्या लोकलमध्ये ‘बाबा बंगाली’चे कागद चिकटवलेले असतात, ते कोणाच्या भरवशावर? पोराला ताप आला की डॉक्टरच्या आधी तावीज, मुलीचं लग्न जमेना म्हणून आमिलला हजारो रुपये, हे आपल्या मोहल्ल्यात चालतंच. अल्लाह आणि बंद्याच्या मध्ये कोणी दलाल नाही, हे आपण मुलांना पाठ करून देतो आणि त्याच संध्याकाळी दलालाकडे रांग लावतो. मुलं बघत असतात.

उर्दूत मुनकिर म्हणजे नाकारणारा. सवाली म्हणजे विचारणारा, आणि मागणाराही सवालीच. पुतण्याने विचारलं ते सवाल्याचं होतं, आपण मात्र घाबरून त्याला मुनकिरांच्या रांगेत उभं करतो. कुरआनात सूरह बकरात हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम खुद्द अल्लाहला विचारतात की तू मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते दाखव. ईमान आहे, पण दिलाला इत्मीनान हवा, असं ते सांगतात. त्यांना रागावलं जात नाही, चार पक्ष्यांची निशाणी दाखवली जाते. नबींनी विचारलं तर चालतं आणि आठवीतल्या पोराने विचारलं तर टीव्ही बंद?

दुसरी बाजूही आहे. सूरह अनआममध्ये दुसरे ज्यांना पुकारतात त्यांना शिव्या देऊ नका अशी ताकीद आहे, नाहीतर तेही न समजता अल्लाहला वाईट बोलतील. म्हणजे चर्चमधल्या नारळावर हसताना आपणही जरा बघायला हवं होतं. आम्हाला स्वतःला तो विनोद निरागस वाटला. पण मग बाटल्यांचाही तितकाच निरागस होता, कारण पीकेला बिचाऱ्याला दोन्हीकडचे कायदे ठाऊक नव्हते.

मगरिबनंतर आम्ही पुतण्याला जवळ बसवून एवढं सगळं सांगितलं. अब्बा पलीकडे पेपर वाचत होते, मध्ये एक शब्द बोलले नाहीत. दस्तरख्वानवर बसल्यावर मात्र हळूच विचारलं, “त्या पोराला त्याचं रिमोट मिळालं का शेवटी?”