मोटार, पूल आणि खारी हवा

पालघर किंवा बोईसर येथील एखाद्या घरीं मोटार घेण्याचा बेत निघाला म्हणजे चर्चा बहुधा तीन प्रश्नांभोंवतीं फिरते. इंजिनाची अश्वशक्ति किती, एक लिटर पेट्रोलांत गाडी किती किलोमीटर जाते, आणि तिचा पत्रा किती जाड आहे? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळविण्यासाठीं दारावर अंगठा दाबून पाहणारे व ‘जुन्या गाड्यांचा पत्रा आतां कोठला!’ असें म्हणणारे वडीलधारे गृहस्थ बहुतेक कुटुंबांत असतात. परंतु या भागांत एक चौथा प्रश्न सर्वांआधीं विचारावयास हवा, आणि तोच सहसा विचारला जात नाहीं. तो प्रश्न असा: या गाडींत पाणी कोठें सांचून राहतें?

१ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून निराळा झालेला पालघर जिल्हा लोखंडाच्या दृष्टीनें मोठा कठीण प्रदेश आहे. पश्चिमेस सातपाटी, केळवे, तारापूर असा सलग समुद्रकिनारा. तेथून थोड्याच अंतरावर बोईसरची औद्योगिक वसाहत, जींत रसायनें, औषधें, कापड व पोलाद यांचे कारखाने दाटीनें उभे आहेत. २०१८ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील औद्योगिक क्षेत्रांचा जो निर्देशांक काढला, त्यांत तारापूरचें स्थान सर्वांत वरचें होतें. त्यांत वर्षाकाठीं चार महिने मुसळधार पाऊस. मीठ, आम्ल आणि ओल हे लोखंडाचे तिन्ही वैरी येथें एकत्र नांदतात.

गंज म्हणजे नेमकें काय, हें थोडक्यांत पाहण्यासारखें आहे. लोखंड कोरड्या हवेंत दीर्घ काळ निर्मळ राहतें. गंज चढण्यास पाणी व प्राणवायु दोन्ही लागतात. ओलसर पत्र्यावर एक सूक्ष्म विद्युत्‌घटच तयार होतो: एका ठिकाणीं लोखंड विरघळूं लागतें आणि तेथून सुटलेले विद्युत्‌कण दुसऱ्या ठिकाणीं प्राणवायूच्या कामीं येतात. पाण्यांत मीठ असेल तर वीज त्यांतून अधिक सुलभपणें वाहते आणि हा व्यवहार वेगानें चालतो. शिवाय मीठ हवेंतील ओलावा ओढून घेतें. त्यामुळें पाऊस थांबला तरी किनाऱ्यावरील पत्रा पुरता कोरडा होत नाहीं. इंधनाच्या धुरांतील गंधकाचे वायु पाण्यांत मिसळून आम्ल होतात व तेंही या कामास हातभार लावतें. ॲल्युमिनियमवर धरणारा थर घट्ट असल्यामुळें तो आंतील धातूचें रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. म्हणून एकदां लागलेला गंज आपण होऊन थांबत नाहीं.

आतां मोटारीकडे वळावें. पावसाचें पाणी छपरावरून वाहून जातें. तेथें फारसें भय नसतें. भय असतें तें दाराच्या खालच्या कडेस, दाराखालच्या पोकळ उंबऱ्यांत, मडगार्डच्या आंतल्या बाजूस आणि दोन पत्रे जेथें जोडलेले असतात त्या फटींत. दारांतील कांचेच्या बाजूनें पाणी आंत उतरतेंच, आणि तें बाहेर पडावें म्हणून कारखानदार दाराच्या तळाशीं बारीक भोंकें ठेवतो. तीं चिखलानें बुजलीं कीं दाराची पन्हळ होते. गंज अशा ठिकाणीं आंतून बाहेर येतो. म्हणून रंगावर फोड दिसतो तेव्हां तो रोगाचा आरंभ नसतो. पत्रा आंतून बराचसा खाल्ला गेलेला असतो.

मग जुन्या गाड्यांच्या जाड पत्र्याचें काय? जाडीमुळें नाश लांबतो, टळत नाहीं. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींत ऑक्टोबर २०२३ पर्यंत टिकली, हें खरें. परंतु जुन्या गाड्यांच्या दीर्घायुष्याचें श्रेय पुष्कळ अंशीं त्यांच्या साध्या रचनेस आणि गॅरेजांतील कारागिरांस द्यावें लागेल. तळाचा कुजलेला पत्रा कापून त्या जागीं नवें ठिगळ जोडीत गाडी वर्षानुवर्षें चालविली जात असे. आजच्या गाडीचा पत्रा पातळ, पण अधिक बळकट पोलादाचा असतो. वजन घटतें म्हणून इंधन वांचतें. अनेक गाड्यांत पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, आणि ओरखडा पडला तरी जस्त आधीं स्वतः झिजून लोखंडास वांचवितें. शिवाय सबंध सांगाडा रंगाच्या कुंडांत बुडवून विजेच्या साहाय्यानें पहिला थर बसविला जातो, त्यामुळें पोकळींतही रंग पोंचतो. मात्र हें कवच एकदां भेदलें गेलें कीं पातळ पत्र्याजवळ गमावण्यासारखें फारसें उरत नाहीं, ही या निवडीची दुसरी बाजू होय.

जी गोष्ट मोटारीची, तीच पुलाची व घराचीही. काँक्रीटमधील क्षारधर्मामुळें आंतील सळ्यांवर एक संरक्षक पापुद्रा धरतो. समुद्राचें मीठ भेगांतून झिरपत सळईपर्यंत पोंचलें कीं तो तुटतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्या रेट्यानें काँक्रीट फुटतें आणि पाण्यास वाट आणखी मोकळी होते. गोव्यांतील मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजीं कोसळला, तो बांधून पुरतीं वीस वर्षेंही झालीं नव्हतीं. आंतील ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. ठाण्याच्या खाडीवरील वाशीच्या पहिल्या पुलासही याच रोगानें ग्रासलें, आणि १९९७ सालीं शेजारीं दुसरा पूल उभा राहिला. दोन्ही ठिकाणीं घात झाला तो डोळ्यांस न दिसणाऱ्या जागीं.

म्हणूनच काँक्रीटच्या भारतीय मानकानें, २००० सालच्या आवृत्तींत, सळईवरील आवरणाची किमान जाडी हवेच्या मानानें ठरविली आहे. सौम्य हवेंत ती २० मिलिमीटर पुरते, किनाऱ्याच्या उघड्या हवेंत ४५ लागते, समुद्राचे तुषार किंवा कारखान्यांचे क्षरणकारी वायु असतील तेथें ५०, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यांत ७५. बोईसरला सदनिका घेणाऱ्यानें खिडक्यांच्या नक्षीपेक्षां या आंकड्याची चौकशी करणें अधिक हिताचें.

रस्त्याचा हिशेब थोडा निराळा आहे. तेथें पाण्याबरोबर भारही मोजावा लागतो. अमेरिकेंत १९५८ ते १९६० या काळांत झालेल्या प्रयोगांवरून असें आढळलें कीं, आंसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानि सुमारें सोळापट होते. मनोर व चारोटीवरून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर कुटुंबाच्या छोट्या मोटारीनें रस्ता जवळजवळ झिजतच नाहीं. तो झिजवितो अतिभारित ट्रक, आणि डांबराखालीं मुरलेलें पाणी त्याचें काम सोपें करतें.

यांतून गृहस्थानें घेण्याजोगा बोध अगदीं साधा आहे. केळव्याच्या किनाऱ्यावरून परतल्यावर गाडीचा केवळ वरचा भाग न चमकवितां तळ गोड्या पाण्यानें धुवावा. दारांतील भोंकें काडीनें मोकळीं ठेवावीं. पावसाळ्यांत पायांखालील मॅट उचलून वाळवावी. ओल्या गाडीवर प्लास्टिकचें आच्छादन घालूं नये. जुनी गाडी विकत घेतांना इंजिनाचा आवाज ऐकण्यापूर्वीं स्टेपनीची खोबण व मॅटखालचा पत्रा पाहावा. पुलावरील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या गवत-मातीनें बुजलेल्या दिसल्या तर तीही लहान बाब मानूं नये, संबंधितांस कळवावी.

गाडीच्या दारांतील एक भोंक आणि पुलाच्या कठड्याशेजारील एक नळी यांची किंमत नगण्य असते. परंतु जेथून पाणी बाहेर जात नाहीं, तेथून आयुष्य बाहेर जाऊं लागतें, हें खाऱ्या हवेंत राहणाऱ्यांनीं विसरतां कामा नये.