एकच संगणक, प्रत्येकाचा वेगळा डेस्कटॉप

बडोद्यातील मराठी घरांत दोन भाषा सहज नांदतात. गायकवाडांच्या राजवटीत तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबांत आजी मराठीत वाचते, तर नातवंडे गुजरातीतही तितक्याच सहजतेने लिहितात. १९३१ साली याच बडोदे संस्थानाने ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतील प्रशासकीय शब्दांचा कोश प्रसिद्ध केला होता. घरातील संगणक मात्र बहुधा सर्वांना एकच चेहरा दाखवतो. तसे असण्याची गरज नाही.

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आवश्यक असल्याने अनेक धडधाकट जुने संगणक अडगळीत जाण्याच्या वाटेवर आहेत. त्यांवर लिनक्स बसवणाऱ्याला लवकरच एक प्रश्न पडतो: समोर आलेला डेस्कटॉप आवडला नाही, किंवा जड वाटला, तर सर्व काही पुन्हा नव्याने बसवावे लागेल का?

उत्तर ‘नाही’ असे आहे. लिनक्समध्ये मूळ प्रणाली, लॉगिन मॅनेजर आणि डेस्कटॉप हे परस्परांपासून वेगळे भाग असतात. नाव व पासवर्ड विचारणारा पडदा म्हणजे लॉगिन मॅनेजर. त्यानंतर दिसणारे मेनू, खिडक्या आणि पट्ट्या म्हणजे डेस्कटॉप. १९९६ मध्ये केडीई आणि एक्सएफसीई, तर १९९७ मध्ये नोम या प्रकल्पांचा आरंभ झाला. नोमसोबत सहसा जीडीएम, केडीईसोबत एसडीडीएम आणि एक्सएफसीईसोबत लाइटडीएम हा लॉगिन मॅनेजर येतो. पण ही जोडी अतूट नाही.

नवा डेस्कटॉप बसवला की तो एका ठरावीक जागी आपली नोंद असलेली छोटी फाइल ठेवतो. लॉगिन मॅनेजर तेथील नोंदी वाचून यादी तयार करतो. म्हणून बाहेर पडून पुन्हा लॉगिन करताना पडद्यावरील दातेरी चाकाच्या चिन्हातून किंवा ‘सेशन’च्या यादीतून हवा तो डेस्कटॉप निवडता येतो. स्मरणशक्ती कमी असलेल्या संगणकावर नोमपेक्षा एक्सएफसीई हलका पडतो. कागदपत्रे आणि छायाचित्रे वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असल्याने ती जागची हलत नाहीत. दोन डेस्कटॉप एकाच खात्यातून आलटून पालटून वापरल्यास चिन्हे व रंगसंगती यांची थोडी सरमिसळ होऊ शकते. चाचणीसाठी वेगळे खाते उघडणे हा त्यावरील सोपा उपाय.

डेस्कटॉप कितीही ठेवता येतात, लॉगिन मॅनेजर मात्र एका वेळी एकच काम करतो. डेबियन किंवा उबुंटूवर दुसरा बसवताना कोणता चालू ठेवायचा हे प्रणाली स्वतःच विचारते. येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे: नवा मॅनेजर निवडून, संगणक पुन्हा सुरू करून, तो नीट चालतो याची खात्री होईपर्यंत जुना काढू नये. पडदा काळाच राहिला तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबाव्यात. बहुतेक वेळा अक्षरी लॉगिन उघडते आणि तेथून जुनी निवड परत आणता येते.

भाषेचेही असेच आहे. काही लॉगिन पडद्यांवरच, तर अन्यत्र सेटिंग्जमध्ये, प्रत्येक खात्यासाठी भाषा निवडता येते. मराठी आणि गुजरातीप्रमाणेच कोकणीचीही सोय लिनक्समध्ये आहे. मात्र मेनूंचे भाषांतर किती पूर्ण आहे, हे त्या त्या डेस्कटॉपवर अवलंबून असते. त्यामुळे बडोद्यातील आजी-नातवंडांइतकाच हा पर्याय मराठी-कोकणी वाचणाऱ्या गोव्यातील घरांनाही उपयोगी ठरेल. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी एकदा तरी तो करून पाहावा.