ढील

कामानिमित्त दोन वर्षे ऑस्ट्रेलियात पर्थला होतो. तिथे उन्हाळ्यात दुपारी जमीन तापली की समुद्रावरून गार वारा सुटतो. लोक त्याला ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. त्याच वाऱ्यावर वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी काइट सर्फिंग शिकायला गेलो.

बडोद्यात उत्तरायणाला गच्चीवर वाढलेल्या मला पतंगाचे काय नवल? पण हा पतंग खोलीएवढा, वीस-पंचवीस मीटर दोऱ्यांचा आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला! तिसऱ्या दिवशी वाऱ्याचा झोत आला. घाबरून मी हातातला दांडा छातीशी ओढला. जितका ओढला, तितका पतंग जोर करू लागला. पाण्यातून फरफटत गेलो, नाकातोंडात खारे पाणी. शिक्षक ओरडत होता, सोड म्हणून! कसाबसा दांडा सोडला आणि पतंगाचा जोरच ओसरला.

रात्री आईला फोनवर सांगितले. ती म्हणाली, “अरे, तुझे बाबा ओरडायचे ना, ढील दे म्हणून! तुला तेव्हाही जमत नव्हते.”

बारावीतल्या मुलाला मी रोज फोनवर मार्क विचारत असे. त्या रात्री विचारले नाहीत. आठेक दिवसांनी तोच म्हणाला, “बाबा, गणित जमत नाहीये.”

फळीवर उभे राहायला मला आणखी तीन आठवडे लागले.