बाग-ट्रॅक्टरच्या निकामी इंजिनाची पुनर्बांधणी

परतवाडा-अचलपूर हा सातपुड्याच्या पायथ्याचा परिसर संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. संत्र्याची लागवड सामान्यतः ६ मीटर अंतरावर केली जाते आणि झाडाची अन्न घेणारी मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात. त्यामुळे बागेत मोठा ट्रॅक्टर वा खोल नांगरट उपयोगी पडत नाही. दोन ओळींमधून सहज वळणारा लहान ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर आणि त्यामागे उथळ चालणारे अवजार, हीच बागेला मानवणारी मशागत होय. अशा यंत्रांपैकी पुष्कळांस एकच सिलिंडर असलेले डिझेल इंजिन असते. हे इंजिन साधे व काटक असले तरी त्याची निगा न राखल्यास ते अकालीच निकामी होते. निकामी झालेले इंजिन पुन्हा कसे उभे करावे आणि ते पुन्हा तसेच निकामी होऊ नये म्हणून काय करावे, याची माहिती पुढे दिली आहे.

बिघाड कसा होतो

आंबिया बहारासाठी डिसेंबर महिन्यात बागेस ताण देतात व जानेवारीच्या मध्याच्या सुमारास पाणी देऊन तो तोडतात. ताण तोडण्यापूर्वी आळी नीट करणे, खत मिसळणे व ओळींमधील जमीन भुसभुशीत करणे ही कामे थोड्या दिवसांत उरकावी लागतात. या वेळी जमीन कोरडी असते आणि यंत्र स्वतःच उडविलेल्या धुळीत चालते. म्हणजे यंत्राची गरज सर्वांत अधिक असते, त्याच दिवसांत इंजिनास सर्वांत अधिक धूळ सोसावी लागते.

ही धूळ एअर क्लीनरने अडविली पाहिजे. एअर क्लीनर तुंबला असेल तर इंजिनास हवा अपुरी पडते, डिझेल पुरते जळत नाही व काळा धूर येतो. त्याची रबरी नळी फाटली असेल किंवा पट्टा ढिला असेल, तर धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. तेथे ती वंगण तेलात मिसळून पालिश कागदाप्रमाणे रिंगा व लायनर घासू लागते. रिंगा झिजल्या की जळलेले वायू खाली चेंबरमध्ये उतरतात, तेल काळे व निकृष्ट होते आणि तेच तेल पुढे बेअरिंगे खाते. तेल वेळेवर बदलले नाही तर ही साखळी फार लवकर पूर्ण होते.

बिघाडाची लक्षणे

धुराचा रंग प्रथम पाहावा. निळसर धूर तेल जळत असल्याचे दर्शवितो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर दाब कमी पडल्याने डिझेल न जळता बाहेर पडत आहे, किंवा सिलिंडरमध्ये पाणी उतरत आहे, असे समजावे. चेंबरच्या श्वासनळीतून वायू जोराने बाहेर येणे, तेल वरचेवर घालावे लागणे, हँडल मारताना पूर्वीसारखा अटकाव न जाणवणे आणि खालून ठोके ऐकू येणे, ही इतर लक्षणे होत. ठोके ऐकू येताच इंजिन बंद करावे. तसेच दामटल्यास कनेक्टिंग रॉड तुटून सबंध ब्लॉकच फुटण्याचा संभव असतो.

उघडताना कारण शोधावे

पुष्कळदा इंजिन उघडून नवा पिस्टन, रिंगा व लायनर बसवितात आणि काम संपले असे मानतात. परंतु झिजलेले भाग बिघाडाचे कारण सांगत असतात. ते भाग पुसून फेकून देण्यापूर्वी तपासले पाहिजेत.

वरची रिंग खालच्या रिंगांपेक्षा अधिक झिजली असेल, तर धूळ हवेच्या वाटेने आली आहे. अशा वेळी एअर क्लीनर व त्याच्या नळ्या तपासाव्यात. तेलाची रिंग व बेअरिंगे अधिक झिजली असतील, तर घाण तेलाच्या वाटेने आली आहे. तेल भरण्याचे अस्वच्छ भांडे, उघडे राहिलेले झाकण किंवा न बदललेला तेलाचा फिल्टर याला कारण असतो. क्रँकचा बेअरिंग बसण्याचा भाग निळा-काळा पडला असेल, तर तेथे तेल पोचलेच नाही असे जाणावे. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे असतील, तर इंजिन अति तापले होते की काय, म्हणजे पाणी कमी होते की रेडिएटरच्या जाळीत काडीकचरा अडकला होता, हे पाहावे.

उघडण्यापूर्वी इंजिन बाहेरून धुऊन घ्यावे. सुटे केलेले भाग क्रमाने स्वच्छ कापडावर मांडावेत. कनेक्टिंग रॉड व त्याची टोपी यांवरील खुणा जुळवून ठेवाव्यात. त्यांची अदलाबदल वा उलटापालट होता कामा नये.

मोजमाप

लायनर चांगला आहे की नाही हे बोट फिरवून ठरवू नये. तो वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवा व उभा असा दोन दिशांनी मोजावा. पिस्टन वरच्या टोकास पोचल्यावर पहिली रिंग जेथे थांबते, तेथे लायनर सर्वाधिक झिजतो. रिंग लायनरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने मोजावी. क्रँक मायक्रोमीटरने मोजून तो लंबगोल झाला आहे काय ते पाहावे. झीज मर्यादेपलीकडे गेली असल्यास क्रँक ग्राइंडिंग करून त्या मापाची बेअरिंगे घालावी लागतात. सर्व मर्यादा त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या असतात व त्याच प्रमाण मानाव्यात. ज्या मिस्त्रीजवळ मापाची साधने आहेत त्याच्याकडेच हे काम सोपवावे, मग थोडे पैसे अधिक पडले तरी हरकत नाही.

जोडणी

ग्राइंडिंग व होनिंगनंतर भागांवर बारीक कण राहतात. केवळ डिझेलने पुसून ते निघत नाहीत. लायनर साबणाच्या कढत पाण्याने ब्रशने धुऊन, कोरडा करून लगेच तेल लावावे. क्रँकमधील तेलाची छिद्रे तार व हवेने मोकळी करावीत. रिंगांची खुणेची बाजू वर ठेवावी आणि त्यांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत. प्रत्येक भाग बसविताना त्यास स्वच्छ तेल लावावे. हेडचे गॅस्केट नवे घालावे व नट आलटून-पालटून, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. इंजेक्टरची फवारणी तपासून घ्यावी, कारण थेंब थेंब गळणारा इंजेक्टर लायनरवरील तेल धुऊन टाकतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी इंधन बंद ठेवून ते हाताने फिरवावे, म्हणजे तेल सर्वत्र पोचते.

नवे जोडलेले इंजिन पहिल्याच दिवशी पूर्ण ओझ्यास जुंपू नये. ते तासन्‌तास रिकामे चालविणेही चांगले नाही, कारण तसे केल्यास रिंगा लायनरवर नीट बसत नाहीत. प्रथम हलके काम द्यावे व ओझे क्रमाक्रमाने वाढवावे. पहिले तेल पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत अवश्य बदलावे, कारण सुरुवातीस निघणारे धातूचे कण त्यात जमतात.

नित्याची निगा

१. रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तेल व पाण्याची पातळी पाहावी.
२. धुळीच्या दिवसांत तेलाचा एअर क्लीनर रोज उघडून पाहावा. तेलात गाळ साचला असल्यास भांडे धुऊन खुणेपर्यंत नवे तेल भरावे. कागदी फिल्टर धुऊ नये. तो फाटला वा तुंबला असल्यास बदलावा.
३. हवेच्या नळ्या व पट्टे दर आठवड्यास तपासावेत.
४. डिझेल गाळूनच भरावे व टाकीच्या तळाचे पाणी काढून टाकावे.
५. इंजिन किती तास चालले याची नोंद वहीत ठेवावी. तेल महिन्यांच्या हिशेबाने न बदलता चाललेल्या तासांच्या हिशेबाने बदलावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ताणाच्या दिवसांपूर्वी, म्हणजे नोव्हेंबरमध्येच, गावातील यंत्रधारकांस एकत्र करून एअर क्लीनर उघडणे व तेल बदलणे यांचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. ज्या तरुणांस यंत्राचे शिक्षण अधिक घ्यावयाचे असेल त्यांना शेजारच्या मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारच्या कृषी यंत्र प्रशिक्षण संस्थेची माहिती द्यावी. ही संस्था १९५५ साली सुरू झाली असून तेथे ट्रॅक्टरची निवड, वापर व निगा यांचे शिक्षण दिले जाते.

क्रँक, लायनर व पिस्टन यांचा खर्च एकवेळ उसनवारी करूनही भागविता येतो. पण ताण तोडण्याच्या आठवड्यात यंत्र मिस्त्रीच्या दारात पडून राहिले, तर बागेच्या मशागतीची गेलेली वेळ वर्षभर परत येत नाही. वेळेवर बदललेले तेल व स्वच्छ ठेवलेला एअर क्लीनर यांचा खर्च त्या मानाने अगदीच थोडा आहे.