बाळजीवांची शिदोरी

आपला भंडारा जिल्हा तलावांचा. तलावाच्या कांठीं ज्यास शिंपला कधींच सांपडला नाहीं, असा मुलगा येथें विरळाच. परंतु हा शिंपला लहानपणीं काय खात होता, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनांत येतो. त्याचें उत्तर समजण्यासाठीं आधीं करडीहून शेंकडों मैल दूर असलेल्या समुद्राकडे वळलें पाहिजे; कारण शिंपल्याचे बहुतेक भाऊबंद तेथेंच राहतात.

लांबच्या प्रवासास निघालेला वाटसरू शिदोरी बांधून घेतो. तशी शिदोरी अंड्यांत बलकाच्या रूपानें असते. अंड्यांतून निघालेल्या, आईबापांशीं साम्य नसलेल्या अशा बाळजीवास डिंभ म्हणतात. पोहणें, वाढणें व शरीर राखणें या तिहींस शक्ति खर्चावी लागते. म्हणून शिदोरी सरण्यापूर्वीं बहुतेक डिंभांस स्वतः अन्न मिळवावें लागतें.

कोंकणांतील खडकांवरचें कालव पाहा. त्याचें अंडें मिलिमीटरच्या सुमारें विसाव्या भागाएवढें. अर्थात् शिदोरीही अल्प. म्हणून मादी लाखों अंडीं सोडते. डिंभ केसांसारख्या तंतूंनीं पोहतो व सूक्ष्म वनस्पति गोळा करून खातो. उष्ण पाण्यांत तो दोनतीन आठवड्यांत वाढून खडकास चिकटतो आणि पुढें जन्मभर जागा सोडीत नाहीं. तोंपर्यंत पुष्कळ डिंभ उपासानें मरतात अथवा माशांच्या भक्ष्यस्थानीं पडतात.

दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्राचें उष्णमान शून्याखालीं १.८ अंशांपर्यंत उतरतें. तेथें साळिंदरासारखे कांटे असलेला अर्चिन नांवाचा प्राणी आहे. त्याच्या एका जातीच्या डिंभास पूर्ण वाढीस सुमारें ११५ दिवस लागतात. इतके दिवस तो तग कसा धरतो? थंडीमुळें त्याच्या शरीराचा व्यवहार मंद चालतो व खर्च कमी होतो. शिवाय २००१ सालीं मार्श, मॅक्सन व मॅनॅहन या शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, या जातीचा गर्भ आपलीं प्रथिनें इतर प्राण्यांच्या सुमारें पंचविसाव्या हिश्शाच्या खर्चांत तयार करतो.

सोसेल त्या मर्यादेंत पाणी दहा अंशांनीं तापलें, तर अशा जीवांचा खर्च साधारणपणें दुप्पट-तिप्पट होतो. आज समुद्र तापत आहेत. वाढ लवकर होईल खरी; पण त्या मानानें अन्न न मिळाल्यास शिदोरी वाटेंतच संपेल.

आतां आपल्या तलावांतील शिंपल्याकडे येऊं. त्याचा डिंभ अन्न शोधीत पोहत नाहीं. तो माशाच्या कल्ल्यांस चिकटतो, माशाच्याच शरीरांतून पोषण घेतो आणि कांहीं दिवसांनीं तळाशीं उतरून शिंपला बनतो. मासा हीच त्याची शिदोरी आणि तेंच त्याचें वाहन. तलावांतील मासे नाहींसे झाले, तर शिंपलेही नाहींसे होतील, हें तलावाकांठच्या आपण विसरतां कामा नये.