पेट्रोलची टाकी घरी उतरवावी का?

आपल्या कितीतरी घरांत दहा-पंधरा वर्षांची अल्टो, वॅगनआर किंवा ओम्नी अजून कुटुंबाचा भार वाहते. मुलांची शाळा, दवाखाना, मालेगावची सोयरीक, सगळे तिच्यावरच. अशी गाडी एके दिवशी झटके देत बंद पडते आणि मिस्त्री सांगतो, ‘टाकी उतरवून साफ करावी लागेल.’ मजुरीचा आकडा ऐकला की घरातला तरुण म्हणतो, ‘अब्बा, मोबाईलवर बघून मीच काढतो.’ ही हौस चांगली. पण पेट्रोलची टाकी म्हणजे पंक्चर झालेले चाक नव्हे.

टाकी खराब का होते?

पत्र्याच्या टाकीचा शत्रू म्हणजे पाणी. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल ओलावा शोषून घेते. गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी राहिली, त्यात नाशिकचा पावसाळा लागला, की पाणी तळाशी साठून गंज धरतो. तोच गंज पंपाची जाळी तुंबवतो. एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला टिकतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांच्या रबरी नळ्या मात्र अधूनमधून तपासून घ्याव्यात.

खरा धोका वाफेचा

पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते. हवेत ती दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते. म्हणूनच भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक. जुन्या नाशिकच्या गल्लीत शेजारच्या घरातली शेगडी, गीझर, लोबानाचा निखारा, कोणाची बिडी, यांपैकी काहीही निमित्त होऊ शकते. तळघरातल्या पार्किंगमध्ये तर हे काम करूच नये.

आधी मागची सीट उचला

पुष्कळ लहान गाड्यांत मागच्या सीटखाली एक झाकण असते. ते उघडले की पंप वरूनच काढता येतो, टाकी उतरवावी लागत नाही. पंप किंवा काट्याचा बिघाड असेल तर निम्मे काम इथेच वाचते. टाकी उतरवायचीच असेल तर जागा मोकळी आणि सपाट हवी, जाणता माणूस सोबत हवा आणि मुले लांब हवीत.

कामाचा क्रम असा. शक्यतो टाकी जवळजवळ संपत आल्यावरच काम काढावे. 35 लिटर पेट्रोलचे वजनच सुमारे 26 किलो होते. इंजिन थंड असताना पंपाचा फ्यूज काढून गाडी सुरू करावी. ती आपोआप बंद पडली की नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. उरलेले पेट्रोल हातपंपाने काढावे, नळी तोंडात धरून ओढू नये. ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. चाकांना अडण लावून गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. टाकीखाली लाकडी फळी व जॅक देऊन पट्ट्यांचे बोल्ट सोडावेत, टाकी थोडी खाली घ्यावी आणि वरच्या नळ्या व वायरी मोकळ्या कराव्यात. कोणती नळी कुठली, याचा आधी फोटो काढून ठेवावा. उजेडासाठी उघडा बल्ब वापरू नये.

बसवताना पंपाची रबरी रिंग नवीनच घालावी, नळ्या व क्लिप पेट्रोलसाठीच्याच घ्याव्यात. पट्ट्यांखालचे रबर जागेवर हवे, नाहीतर पत्रा घासून भोक पडते. आधी चार-पाच लिटरच भरावे, दोन-तीनदा चावी फिरवून प्रत्येक जोड पाहावा. कुठेही ओल किंवा वास असेल तर गाडी सुरू करू नये.

काढलेले पेट्रोल

पेट्रोल गटारात ओतणे म्हणजे मोहल्ल्याखाली आग पेरणे. शिवाय ते शेवटी गोदावरीकडेच जाणार. ते कॅनमध्ये घरातही ठेवू नये. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी परवान्याविना 30 लिटरपर्यंतच पेट्रोल बाळगता येते, तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात. धातूचे भांडे 25 लिटरपेक्षा मोठे नसावे आणि काचेचे एका लिटरपेक्षा. पाण्याच्या बाटलीत भरलेले पेट्रोल लहान मूल सरबत समजून तोंडाला लावू शकते, हे आयांनी विसरू नये.

हे घरी नकोच

टाकी गळत असेल, तिला डाग द्यायचा असेल, तर थेट जाणत्या कारागिराकडे न्यावी. धुतलेल्या टाकीतही वाफ राहते आणि वेल्डिंगची ज्योत लागताच ती फुटते. सीएनजीच्या सिलिंडरला तर हातच लावू नये. त्याची दर तीन वर्षांनी अधिकृत केंद्रावर चाचणी करून घ्यावी लागते.

शेवटी पालकांसाठी एक गोष्ट. द्वारका, वडाळा नाका भागातल्या गॅरेजांत आपली कितीतरी मुले कोवळ्या वयात हाताला काळे लावून घेतात. त्यांच्या हातात हुनर असतो, पण ठिणगी आणि वाफेचे गणित त्यांना कोणी शिकवलेले नसते. दहावीनंतर सातपूरच्या शासकीय आयटीआयसारख्या संस्थेत मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची चौकशी जरूर करावी. मुलगा गाडी उघडणारच असेल, तर तो शिकून उघडू दे.