वाकडा अंगठा : शस्त्रक्रिया केव्हा, प्रतीक्षा केव्हा?

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूस जो उंचवटा येतो त्यास वैद्यकात 'बनियन' म्हणतात. मराठी घरात हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्यासमोर गंजीफ्रॉकच उभा राहतो, म्हणून दवाखान्यात मी तो सहसा वापरत नाही. लोक त्यास 'हाड वाढले' म्हणतात. काही जण कुरूप समजून त्यावर औषधी पट्टी चिकटवतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. बहुतांशी हाड वाढलेले नसते, सरकलेले असते. अंगठ्यामागचे पहिले मेटाटार्सल हाड शरीराच्या मध्यरेषेकडे सरकते, अंगठा उलट दिशेने दुसऱ्या बोटाकडे झुकतो आणि सांध्याचा कोपरा बुटाला घासू लागतो. क्ष-किरण चित्रावर अंगठ्याचा झुकाव १५ अंशांहून आणि पहिल्या दोन मेटाटार्सलमधील कोन ९ अंशांहून अधिक भरला, तर आपण त्यास विकृती म्हणतो.

विषय अस्थिशल्यचिकित्सकांचा, बालरोगतज्ज्ञाने त्यात का डोकवावे, असे कुणी विचारील. कारण साधे आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आई प्रथम आमच्याकडेच येते. अशा वेळी मी मुलीच्या पायाआधी आईच्या पायाकडे पाहतो. अमेरिकेतील शल्यचिकित्सक मायकेल कॉफलिन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या किशोरवयीन रुग्णांच्या अभ्यासात ७२ टक्के रुग्णांना हा वारसा आईकडून आलेला होता. मग पादत्राणांचा दोष नाहीच का? आहे. हाँगकाँगमध्ये १९५८ साली झालेल्या तुलनेत पादत्राणे वापरणाऱ्यांत ३३ टक्के, तर अनवाणी राहणाऱ्यांत जेमतेम १.९ टक्के लोकांत ही विकृती आढळली. आमच्या बडोद्यात नवरात्र जवळ आले की टोकदार मोजड्यांची खरेदी जोरात होते आणि दसऱ्यानंतर लाल, सुजलेले अंगठे घेऊन मुली येतात. नऊ रात्रींनी विकृती निर्माण होत नाही. असलेली दुखू मात्र लागते.

शस्त्रक्रियेविना करता येण्याजोगे बरेच आहे, परंतु त्याची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. रुंद पुढ्याचे बूट, बोटांमधली सिलिकॉनची चकती, बुटातील आधाराची गादी, गरजेपुरते वेदनाशामक, यांनी दुखणे कमी होते. अंगठा सरळ होत नाही. इंग्लंडमध्ये नऊ वर्षांच्या ६००० शाळकरी मुलांची तपासणी करून १२२ मुलांत ही विकृती शोधली गेली. त्यांतील काहींना बुटात घालावयाची खास गादी दिली, इतरांना काहीच दिले नाही. सुमारे तीन वर्षांनी दोन्ही गटांत कोन वाढलेलाच होता. गादी वापरणाऱ्यांत किंचित अधिकच. हा अभ्यास १९९४ सालचा. आजही 'तीस दिवसांत अंगठा सरळ' म्हणून पट्टे विकले जातात आणि पालक ते हौसेने मागवतात.

शस्त्रक्रियेच्या बाजूने पुरावा आहे, पण तो प्रौढांचा. फिनलंडमध्ये २०९ रुग्णांचे तीन गट करण्यात आले : शस्त्रक्रिया, बुटातील गादी आणि केवळ प्रतीक्षा. सहा महिन्यांनी गादीनेही आराम दिसला. वर्षअखेरीस मात्र शस्त्रक्रियेचा गट स्पष्टपणे पुढे होता. टॉर्की व सहकाऱ्यांचा हा निबंध २००१ सालचा. रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आसपास होते, ही गोष्ट तेरा वर्षांच्या मुलीसाठी त्याचा दाखला देताना विसरू नये.

तिच्या पायात आणखी एक गोष्ट असते. इतर मेटाटार्सलची वाढीची पट्टी बोटांकडील टोकाला असते. पहिल्याची मात्र घोट्याकडील बुंध्याशी. मोठी विकृती सुधारताना हाड पुष्कळदा याच बुंध्याशी कापावे लागते. पट्टी दुखावली तर हाड आखूड राहण्याची भीती, आणि वाढ शिल्लक असताना विकृती परतण्याचा संभव अधिक. म्हणून तीव्र, न हटणारे दुखणे नसेल तर वाढ पूर्ण होईतो थांबावे, असे माझे मत आहे. सेरेब्रल पाल्सीची मुले अपवाद. तिथे मूळ दोष स्नायूंच्या ताणाचा असतो व पुष्कळदा सांधा कायमचा जोडणे हाच टिकाऊ उपाय ठरतो.

गेल्या वर्षी एक आई भरतनाट्यम् शिकणाऱ्या मुलीला घेऊन आल्या. मुलीचे दुखणे नाममात्र होते. आईची निकड निराळी : "डॉक्टर, मे महिन्यात उरकून टाकू या. पुढे दहावी, मग कॉलेज, मग लग्नाचे बघायचे. माझ्यासारखे पाय लपवत बसायला नको तिला." त्यांच्या शब्दांतला सल मला कळत होता. तरीही शस्त्रक्रियेनंतर हाड सांधण्यास सहा आठवडे, सूज पुरती ओसरण्यास कित्येक महिने, आणि सांध्यात थोडा ताठरपणा राहिला तर चवड्यावर उभे राहणेच अवघड, हे मी मुलीकडे पाहून सांगितले, आईकडे नव्हे. मुलीने एवढेच विचारले, "काका, थांबले तर नंतर ऑपरेशन अवघड होईल का?" त्या वयात विकृती मध्यम असेल तर वाढ संपल्यावर उलट अधिक खात्रीने करता येते, असे उत्तर दिले. दर वर्षी एक क्ष-किरण चित्र आणि रुंद बूट, एवढ्यावर ठरले. आई नाखूश होत्या; अजूनही आहेत.

प्रसूतिगृहात नवजात बाळे तपासणाऱ्या सहकाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. जन्मतःच दोन्ही पायांचे अंगठे आखूड आणि आत वळलेले दिसले, तर त्यास बनियन समजून सोडून देऊ नये. ती फायब्रोडिस्प्लेशिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा या अतिदुर्मिळ व्याधीची खूण असू शकते. तीत पुढे स्नायूंचेच हाड होत जाते. तिचे जनुक, एसीव्हीआर१, २००६ साली सापडले. अशा मुलात पाठीवर किंवा मानेवर गाठ आली की कर्करोगाच्या शंकेने तुकडा काढला जातो, आणि त्या जखमेतूनच नवे हाड फुटते. शस्त्रक्रिया, बायॉप्सी आणि स्नायूतील इंजेक्शन ही तिन्ही टाळावयाची. लसी कोणत्या मार्गाने द्याव्यात हे तज्ज्ञाला विचारून ठरवावयाचे आणि जनुकचाचणी प्रथम करावयाची. पाळण्यातील बाळाचे पायमोजे काढून अंगठे पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही.